शालेय दृष्टी तपासणी : साधनांच्या निवडीचा विचार

प्रस्तावना :
फळ्यावरील अक्षर अस्पष्ट दिसणारा विद्यार्थी बहुधा तक्रार करीत नाही. सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. परिणामी त्याच्यावर 'अभ्यासात मागे' असा शिक्का बसतो. म्हणून शालेय परिचारिकेने तपासणीचे कोणते साधन निवडावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

साधनांचे स्वरूप :
१) स्नेलेन तक्ता : डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला हा तक्ता स्वस्त व सुलभ आहे, परंतु त्यासाठी अक्षरओळख आवश्यक असते.
२) 'ई' तक्ता : यात मुलाने केवळ बोटांनी दिशा दाखवायची असते. मात्र लहान वयात डाव्या-उजव्याचा गोंधळ संभवतो.
३) चित्रतक्ता : घर, वर्तुळ अशा आकृत्यांमुळे तो बालवाडीतील मुलांस योग्य ठरतो.
४) फोटोस्क्रीनर : हे महागडे यंत्र चष्म्याच्या नंबरची शक्यता दर्शविते, प्रत्यक्ष दृष्टी किती स्पष्ट आहे, हे मोजत नाही.

निवडीचे निकष :
मुलाचे वय, उपलब्ध जागा व खर्च हे प्रमुख निकष होत. तक्ता ६ मीटरसाठी छापलेला असेल, तर ३ मीटरच्या खोलीत त्याचा निष्कर्ष फसवा ठरतो. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे अनिवार्य आहे. अन्यथा चांगला डोळा 'आळशी' डोळ्याचा दोष झाकतो व उपचाराचे मोलाचे वय निघून जाते.

निष्कर्ष :
प्राथमिक शाळेसाठी, दिशा दाखविण्याचा सराव करून घेतल्यास, 'ई' तक्ता पुरेसा ठरतो. तथापि चाचणी म्हणजे निदान नव्हे. ६/९ ची ओळ न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठविल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.