माळव्यातील उघडी शेते आणि शरदातील पक्षी

पक्षी पाहावयाचे म्हणजे अरण्य नाही तर तलाव गाठला पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. इंदूरजवळचे सिरपूर व यशवंत सागर हे जलाशय २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाल्यापासून तर पाय सहजच तिकडे वळतात. परंतु आश्विनातील एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, देपालपूर किंवा सांवेरच्या वाटेने जो शेतांत शिरेल, त्याचीही निराशा होणार नाही.

याचे कारण सोयाबीनच्या कापणीत आहे. पावसाळाभर दाट पिकाच्या आडोशाने वाढलेले नाकतोडे, सुरवंट आणि उंदीर पीक निघताच एकाएकी उघडे पडतात. मागाहून गहू-हरभऱ्यासाठी नांगर फिरला, की काळ्या ढेकळांतील अळ्याही वर येतात. विजेच्या तारेवर नीळकंठ निश्चल बसलेला असतो. भक्ष्य दिसताच तो झेपावतो, आणि तेव्हाच त्याच्या पंखांतील गडद व फिक्या निळाईचे पट्टे उलगडतात. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो हाच. मौज अशी, की या नीळकंठाचा कंठ निळा नसतोच; तो तांबूस-जांभळट असतो! खाटीक पक्षी पकडलेला किडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. कापशी हवेत एकाच जागी पंख हलवीत थांबते, ती खालच्या उंदरावर नजर रोखूनच.

या सर्वांत लक्ष देऊन पाहावा तो भोवत्या. हा शिकारी पक्षी हिमालयापलीकडील, मध्य आशियातील गवताळ मुलखातून हिवाळ्यासाठी येतो. पंख किंचित वर उचलून तो जमिनीलगत तरंगत जातो; मादी तपकिरी असते व तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. रात्री मात्र तो झाडावर न बसता थव्याने उंच गवतात उतरतो. म्हणजे पोट शेतात भरले, तरी निवाऱ्याला कुरण हवेच.

नेमके तेच आता दुर्मिळ होत आहे. पूर्वी माळव्यातील पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रबीत गहू घेत. १९७० नंतर सोयाबीन पसरले, शेतकऱ्याला दुसरे पीक मिळाले, आणि पडीक रान व गवताळ माळ आक्रसत गेले. याची झळ सर्वांत अधिक लागली ती खरमोराला. तो पावसाळ्यात येथील गवतात वीण करतो. नर गवतावर वारंवार उंच उडी घेऊन मादीला आपला ठावठिकाणा कळवितो. त्याच्यासाठी १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर येथे अभयारण्ये झाली. तरीही आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. शरदात तो निघून जातो, म्हणून या सकाळी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पाहणाऱ्याने सूर्य पाठीशी ठेवून बांधाच्या कडेने हळूहळू चालावे. दहाच्या सुमारास ऊन तापले, की भोवत्या गिरक्या घेत उंच चढतो, आणि शेतात टिटवीचा आवाज तेवढा उरतो.