भाईंदरच्या भट्टीतला दाणा

दाणा म्हटले की आपल्यापुढे साखर येते. पॅनमन काचेवर पाक घेऊन उजेडाला धरतो आणि दाणा बसला की नाही ते सांगतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी गळिताच्या दिवसांत पाहिले असेल. असाच दाणा मातीच्या भांड्यावर उगवतो म्हटले तर कोणी खरे मानणार नाही. पण ठाणे जिल्ह्यात भाईंदरला एका कुंभार कुटुंबात हे काम चालते.

कुटुंबप्रमुख श्री. ब्रह्मदेव राम पंडित हे मूळचे बिहारातील नवादा भागातले, पिढीजात कुंभाराघरचे. जयप्रकाश नारायण यांच्या सेखोदेवरा आश्रमात त्यांनी नव्या पद्धतीचे शिक्षण घेतले, पुढे मुंबईकडे येऊन भाईंदरला स्थिरावले. सन २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पत्नी सौ. देवकी, मुले अभय व शैलेश, सगळे मातीतच. स्फटिकी झिलईत अभय यांचा हात विशेष.

आता ही झिलई म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावच्या आव्यातले मडके कमी आचेवर भाजते, म्हणून ते पाझरते आणि पाणी गार राहते. पंडितांकडची भांडी दगडी मातीची. ती फार मोठ्या आचेला भाजतात आणि वरून काचेचा थर बसतो, तीच झिलई. साध्या झिलईत दाणा धरत नाही, कारण ती घट्ट असते आणि लवकर थिजते. दाणा हवा असेल तर तिच्यात जस्ताचे भस्म भरपूर घालायचे आणि चिनी मातीतून येणारा अॅल्युमिना अगदी कमी ठेवायचा, म्हणजे ती पाकासारखी पातळ होते. भट्टी साडेबाराशे ते तेराशे अंशांपर्यंत चढवायची, मग झपाट्याने अकराशेच्या आसपास आणायची आणि तिथे काही तास धरून ठेवायची. तेवढ्यात जस्त व सिलिका एकत्र येऊन दाणा धरतात आणि तो पंख्यासारखा, फुलासारखा पसरत जातो. जितका वेळ धराल तितके फूल मोठे. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा.

पॅनमनला हे सांगायला नकोच! आच आणि वेळ चुकली की त्याच्याकडेही खोटा दाणा पडतो. फरक एवढाच की आपला बिघडलेला दाणा विरघळवून पुन्हा पॅनमध्ये घेता येतो. भाजलेल्या भांड्याची माती पुन्हा होत नाही. शिवाय दोन भांडी कधी सारखी निघत नाहीत. गिऱ्हाइकाने तसलेच दुसरे मागितले तर कुंभाराने काय करावे?

ही विद्या नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सेव्र आणि डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या मोठ्या कारखान्यांनी ती नावारूपाला आणली. त्यांच्यापाशी रसायनतज्ज्ञ होते. इथे ते काम घरातल्या माणसांनी केले, याचे मला जास्त कौतुक वाटते.

आपल्याकडे काय? संक्रांतीची सुगडं, पोळ्याचे बैल, घटस्थापनेचा घट एवढ्यापुरता कुंभार उरला. स्टील आणि प्लास्टिकने रांजण घालवला, बलुते तर केव्हाच गेले. पोरगा चाकावर बसायला तयार नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा? चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून कुंभारांना सुधारलेले काम शिकवले. असे प्रयत्न थोडेच झाले. पंडितांची फुलदाणी आपल्या ओट्यावरच्या माठाची जागा घेणार नाही, हे खरं. पण मुले बापाच्या धंद्यात राहिली ती मिळकत आणि मान दोन्ही मिळाले म्हणून, असे मला वाटते. आपल्या ऊसवाल्यांच्या घरातही हाच प्रश्न आहे की.

असे भांडे कधी हाती आले तर उलटे करून बूड बघा. पातळ झिलई ओघळून भट्टीच्या फरशीला चिकटू नये म्हणून भांड्याखाली बशी ठेवतात, आणि भाजल्यावर बशी तोडून बूड घासून काढतात. त्या घासणीत तडा गेला की आधीची सगळी मेहनत वाया.