ओला रस्ता, लहान मोटार आणि टायरची निवड

मोटारीने वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया अखेरीस एकाच ठिकाणी घडतात. ते ठिकाण म्हणजे टायर व रस्ता यांचा स्पर्श. हे स्पर्शस्थान किती लहान असते याची कल्पना चालकास सहसा नसते. चालकासह ८५० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीचा भार चारही चाकांवर सारखा पडतो असे मानले आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३० पौंड धरला, तर प्रत्येक टायरचा रस्त्यावरील ठसा सुमारे १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या तळहाताहून थोडा मोठा येतो. अशा चार ठशांवर मोटारीतील माणसांची आणि रस्त्यावरील इतरांचीही सुरक्षितता अवलंबून असते.

ज्या देशांत हिवाळ्यात रस्ते बर्फाने झाकले जातात, तेथे या ठशांचा विचार समाजाने जाणीवपूर्वक केलेला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईच्या उपनगरांत बर्फ पडत नाही. परंतु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी २,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस नोंदला जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील चालकास वर्षाचा तिसरा हिस्सा ओल्या रस्त्यावर गाडी हाकावी लागते. असे असूनही पावसाळ्यापूर्वी छत्री व रेनकोट यांची जितकी चौकशी होते, तितकी टायरची होत नाही. बर्फाळ प्रदेशातील अनुभवापासून येथे काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घर्षण व थांबण्याचे अंतर

टायर व रस्ता यांमधील घर्षणगुणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारणतः ०.७, ओल्या रस्त्यावर ०.४, दबलेल्या बर्फावर ०.२ आणि गुळगुळीत हिमावर ०.१ च्या आसपास असतो. टायर, रस्त्याचा पोत व तपमान यांप्रमाणे या आकड्यांत बराच फरक पडतो. तथापि तुलनेसाठी ते पुरेसे आहेत. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि घर्षणगुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरांत, ओल्या रस्त्यावर ३५ मीटरांत, तर दबलेल्या बर्फावर ७० मीटरांत थांबेल. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर या प्रत्येक अंतरात आणखी सुमारे १७ मीटरांची भर पडते.

या सूत्रात मोटारीचे वजन येत नाही. लहान गाडी हलकी आहे, म्हणून ती लवकर थांबेल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. तसेच चाके अडकू न देणारी आधुनिक ब्रेकप्रणाली ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येईल अशी व्यवस्था करते. रस्त्याचा घर्षणगुणांक ती वाढवू शकत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना जे थांबण्याचे अंतर लागते, तेच ओल्या रस्त्यावर राखावयाचे असेल तर वेग ताशी ४५ किलोमीटरांवर आणावा लागतो.

उपनगरांतील रस्त्यांवर हा गुणांक सर्वत्र सारखा नसतो. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल, रबराची भुकटी व धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. पुढील मोठ्या पावसाने तो बराचसा धुऊन जातो. आरे वसाहतीतून जाणाऱ्या रस्त्यावर झाडांची पाने व माती, बांधकामाच्या जागांभोवती डंपरांच्या चाकांनी आणलेला चिखल, शिवाय भुयारी गटारांची लोखंडी झाकणे, रंगविलेले पट्टे आणि झिजून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक या सर्व ठिकाणी पकड एकाएकी कमी होते. अशा जागी ब्रेक व वळण यांची मागणी एकाच वेळी केली, तर टायर दोन्ही पुरवू शकत नाही. म्हणून वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावरच कमी करावा, हा नियम बर्फाप्रमाणे पावसातही लागू पडतो.

खाचांचे कार्य

कोरड्या व स्वच्छ रस्त्यावर खाचा नसलेला टायर उत्तम पकड देतो. शर्यतीच्या मोटारी कोरड्या धावपट्टीवर असेच टायर वापरतात. खाचांची आवश्यकता निर्माण होते ती पाणी किंवा बर्फ मध्ये आल्यावर. मात्र या दोन प्रसंगी त्यांचे कार्य परस्परविरुद्ध असते. बर्फावर टायरच्या खाचा बर्फ धरून ठेवतात. खाचांत दाबला गेलेला बर्फ रस्त्यावरील बर्फास घट्ट चिकटतो आणि त्यातून पकड मिळते. पावसात खाचांनी पाणी धरून ठेवावयाचे नसते. ते जितक्या लवकर बाजूस सोडून देता येईल तितके चांगले.

हिवाळी टायरचा दुसरा विशेष म्हणजे त्याचे रबरमिश्रण. सर्वसाधारण टायरचे रबर थंडीत ताठर होते व रस्त्याच्या सूक्ष्म उंचसखलपणात बसत नाही. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते, आणि साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा लाभ दिसू लागतो. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले सर्वांत कमी तपमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे ७.४ अंश हे आहे. म्हणजे नोंदींतील सर्वांत थंड रात्रीही हिवाळी टायरची मर्यादा येथे ओलांडली गेली नाही. उष्ण रस्त्यावर हे मऊ रबर लवकर झिजते आणि वळणावर व ब्रेक लावताना त्याची पकडही सैल पडते. यास्तव ‘बर्फावर चालतो तो पावसात चालेलच’ हा तर्क चुकीचा ठरतो. मनालीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात मोटार नेणाऱ्याने चाकांसाठी साखळ्या बरोबर न्याव्यात हे योग्यच. मुंबईत कायमचे हिवाळी टायर बसविणे मात्र निष्फळ व काही अंशी धोक्याचे होय.

पाण्याची पाचर

ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक कमी होतो, एवढ्यानेच प्रश्न संपत नाही. रस्त्यावर पाण्याचा थर असेल तर १५५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला ३ मिलिमीटर जाडीच्या थरातून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना दर सेकंदास सुमारे १० लिटर पाणी बाजूस सारावे लागते. ठशाची लांबी १२ सेंटिमीटर धरली, तर रबराचा कोणताही बिंदू रस्त्यावर सेकंदाच्या सुमारे १८५ व्या भागाइतकाच काळ टेकलेला असतो. एवढ्या काळात पाणी निघून गेले नाही, तर ते टायरच्या पुढील बाजूस पाचरीप्रमाणे शिरते आणि चाकास वर उचलते. चाक पूर्णपणे उचलले गेले की स्टिअरिंग व ब्रेक ही दोन्ही निरुपयोगी होतात. या घटनेस हायड्रोप्लेनिंग असे नाव आहे.

अमेरिकेच्या नासा या संस्थेतील वॉल्टर हॉर्न व त्यांचे सहकारी यांनी विमानांच्या टायरांवरील प्रयोगांच्या आधारे १९६३ साली यासंबंधी एक सोपे सूत्र मांडले. दर चौरस इंचास पौंडांत मोजलेल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ घेऊन त्यास १०.३५ ने गुणले, की ज्या वेगास टायर पूर्णपणे पाण्यावर चढतो तो वेग ताशी मैलांत मिळतो. दाब ३० पौंड असता हा वेग ताशी ९१ किलोमीटर येतो; दाब २० पौंडांवर उतरला तर तो ताशी ७५ किलोमीटरांच्याही खाली येतो. पाण्याचा थर खाचांच्या खोलीहून अधिक असेल, तेव्हा हे सूत्र लागू पडते. अशा प्रसंगी पकड या वेगाच्या बऱ्याच आधीपासून घटू लागलेली असते, हेही लक्षात ठेवावयास हवे.

या सूत्रातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला हा की, पावसात हवा थोडी कमी ठेवली म्हणजे पकड वाढते, ही प्रचलित समजूत घातक आहे. दुसरा निष्कर्ष खाचांविषयीचा. नव्या टायरमध्ये खाचांची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते. झीज होऊन ती २ मिलिमीटरांवर आली की ३ मिलिमीटरांचा थरही खाचांत मावत नाही, आणि सूत्रातील धोकादायक स्थिती साध्या पावसातही उद्भवते. पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्गांवर रात्री वाहतूक विरळ झाल्यावर ताशी ७० ते ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या वाट्याला हा प्रसंग सहज येतो. तो आल्यास ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि टायर पुन्हा रस्त्यास टेकेपर्यंत ब्रेक जोराने दाबू नये.

टायरची निवड

उपनगरांतील लहान मोटारीची परंपरा कुर्ल्याशी निगडित आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारींत इंजिन पुढे असून चालना मागील चाकांना होती. ओल्या रस्त्यावर त्यांचा मागील भाग बाजूस सरकत असे, आणि जुन्या चालकांना ती सवयीची गोष्ट होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्यात इंजिन व चालना दोन्ही पुढील चाकांकडे गेली. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत. इंजिनाचा भार चालना देणाऱ्या चाकांवर पडल्यामुळे निसरड्या रस्त्यावर गाडी हलविणे सुकर झाले. परंतु त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते काम करणाऱ्या पुढील चाकांना बसवावेत, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते मागे बसविणे श्रेयस्कर होय. पुढील चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करताच ती बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागील चाके आधी घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि सामान्य चालकास ती सावरणे कठीण जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ही मर्यादा दाखविणारे लहान उंचवटे खाचांच्या तळाशी असतात. कायद्याची ही मर्यादा संपूर्ण देशासाठी आहे. राजस्थानातील कोरड्या रस्त्यास व जुलैतील घाटकोपरास ती सारखीच लागू आहे. म्हणून मुंबईतील चालकाने मे महिन्याच्या अखेरीस खाचांची खोली मोजावी आणि ती ३ मिलिमीटरांहून कमी असल्यास टायर पावसाळ्यापूर्वीच बदलावेत. पावसाळा संपेपर्यंत थांबून होणारी बचत ही सर्वांत धोक्याचे चार महिने सर्वांत झिजलेल्या टायरांवर काढून केलेली बचत असते. झिजलेल्या टायरांत पात्याने पुन्हा खाचा कोरून ते विकले जातात. अशा टायरांत रबराचा संरक्षक थर कापला गेलेला असल्यामुळे ते पूर्णतः वर्ज्य समजावेत.

टायरची रुंदी मोटारीच्या निर्मात्याने ठरविलेली असेल तीच ठेवावी. शोभेसाठी अधिक रुंद टायर बसविल्यास हलक्या गाडीचा तेवढाच भार रुंद परंतु आखूड ठशावर पडतो. सारावयाचे पाणी वाढते आणि त्यास मिळणारा वेळ घटतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून त्याचे वय कळते : २३२४ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फार न वापरलेला, पण पुष्कळ वर्षांचा टायर खाचा खोल असूनही ताठर झालेला असतो. २०२२ साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने टायरच्या ओल्या रस्त्यावरील पकडीसाठीही मानक लागू करण्यात आले. खरेदीच्या वेळी त्याची चौकशी करणे उचित होय.

साचलेले पाणी

येथपर्यंतच्या विवेचनात टायरचा भार वेगामुळे हरपतो. साचलेल्या पाण्यात तो गाडी उभी असतानाही हरपू शकतो. लहान मोटारीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर मानले, तर पाणी आत शिरण्यापूर्वी तळाच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी ४०० किलोग्रॅम भार उचलते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंच असलेली ८५० किलोग्रॅमची मोटार सुमारे ३८ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याहून कमी, पाण्यात तरंगण्याच्या बेतास येते. प्रवाह असेल तर ती त्यापूर्वीच वाहू लागते. या स्थितीत नवा व जुना, रुंद व अरुंद असे सर्व टायर सारखेच निरुपयोगी असतात.

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि बंद मोटारींत अडकून काही माणसे गुदमरून मृत्युमुखी पडली. बाहेरील पाणी दाराच्या तळापासून अर्धा मीटर चढले आणि आत ते शिरले नसले, तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे १२५ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. दार आतून उघडणे त्यामुळे अशक्यप्राय होते. म्हणून पाणी दाराच्या तळाशी पोहोचण्यापूर्वीच काचा खाली कराव्यात व गाडी सोडावी. अंधेरी भुयारी मार्गासारख्या दर पावसाळ्यात बंद कराव्या लागणाऱ्या सखल जागी पाण्याची खोली वरून दिसत नाही. तेथे गाडी न घालणे हाच एकमेव मार्ग होय.

सारांश, टायर ही पकड निर्माण करणारी स्वतंत्र वस्तू नाही. रस्ता, पाणी, भार व वेग यांच्या संबंधातूनच ती पकड निर्माण होते. बर्फाळ देशांपासून घ्यावयाचा धडा त्यांच्या टायरांचा नसून ऋतू बदलण्यापूर्वी टायर तपासण्याच्या त्यांच्या शिस्तीचा आहे. खाचांची खोली, हवेचा दाब व वेग या तीन गोष्टी चालकाच्या हाती असतात. त्यांची हेळसांड झाल्यास तिची किंमत केवळ मोटारीत बसलेल्यांनाच मोजावी लागत नाही; ओल्या रस्त्यावर ३५ मीटरांच्या आत उभा असलेला पादचारी आणि पुढे चाललेला दुचाकीस्वार यांनाही ती मोजावी लागते.