चितेगावचं सिमकार्ड, वाळूजची काच

धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने औरंगाबादचं नाव टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांवरून देशभर नेलं. पैठण रोडवरच्या चितेगावात तिचा पसारा. या समूहाने 2008 च्या जानेवारीत मोबाइलच्या बाजारात उडी घेतली. समूहाच्या डेटाकॉम सोल्यूशन्सला 21 सर्कलचे (दूरसंचार विभागांचे) परवाने मिळाले, तेही 2001 मध्ये ठरलेल्या दराने. स्वस्तात पडलेला हा माल पुढे भलताच महाग ठरला.

बाजार तोवर कुठल्या कुठे गेला होता. 1995 मध्ये मोबाइल आला तेव्हा आलेला कॉल उचलायलाही पैसे पडत. महाराष्ट्र सर्कलमध्ये सुरुवातीला बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी (पुढची आयडिया) या दोनच खासगी कंपन्या. 2002 मध्ये बीएसएनएल मोबाइलमध्ये उतरली, 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात हँडसेट आला. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर काढला आणि बाकीच्यांना मुकाट्याने त्याच्या मागे जावं लागलं. व्हिडिओकॉनची सेवा सुरू झाली 2010 मध्ये, दर तळाला टेकल्यावर. गिऱ्हाईक फुकट टॉकटाइम असेतोवर सिम वापरी आणि संपला की दुसऱ्या कंपनीचं घेई. अशा गिऱ्हाइकावर टॉवरचं भाडंही निघत नाही.

2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये याच जुन्या दराने वाटलेले 122 परवाने रद्द केले. त्यांत व्हिडिओकॉनचे 21, म्हणजे होते नव्हते तेवढे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लिलावात कंपनीने सुमारे 2,221 कोटी रुपयांना सहा सर्कल घेतली: बिहार, गुजरात, हरियाणा, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाचे पूर्व-पश्चिम भाग. महाराष्ट्र त्यांत नाहीच. ज्या गावात कंपनी वाढली, तिथेच तिला स्पेक्ट्रम उरला नाही.

खरी गंमत पुढे आहे. या सहा सर्कलमधला 1800 मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम 4जीला चालणारा होता, मुदत 2032 पर्यंतची, आणि नवी कंपनी जिओ दारात उभी. आधी आयडियाने गुजरात आणि पश्चिम उत्तर प्रदेश या दोन सर्कलसाठी 3,310 कोटींचा सौदा केला, तो मोडला. मग मार्च 2016 मध्ये एअरटेलने सहाही सर्कल 4,428 कोटींना उचलली. साडेतीन वर्षांत दुप्पट! कॉल विकून जे जमलं नाही ते स्पेक्ट्रम विकून जमलं. माझ्या मते आपल्या दूरसंचार स्पर्धेची खरी गोम इथे आहे. टिकून राहिला तो गाठीला पैसा असलेला. सेवा बरी की वाईट हा प्रश्न नंतरचा. तरीही समूह वाचला नाही. तेलविहिरींपासून टीव्हीपर्यंतचं कर्ज अंगावर होतंच. 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूज एमआयडीसीत, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजने निराळाच मार्ग धरला. या कंपनीने सिम विकलं नाही. ऑप्टिकल फायबर विकलं. सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या वाफेपासून अतिशुद्ध काचेचा दांडा बनतो. उंच टॉवरच्या माथ्यावरच्या भट्टीत तो सुमारे 2,000 अंश सेल्सियसला मऊ होतो आणि खाली 125 मायक्रॉनची तार ओढली जाते, केसाहून जराशीच जाड. तिच्यावर लगेच प्लास्टिकचा लेप चढतो, कारण उघडी काच नुसत्या स्पर्शाने चिरते. पुढे शेंद्र्यालाही कंपनीने कारखाना काढला. एअरटेल जिंको की जिओ, फायबर दोघांनाही लागतंच.

योगायोग असा की स्टरलाइटमागे अनिल अग्रवाल यांचं कुटुंब आहे आणि 2021 मध्ये व्हिडिओकॉन घ्यायला पुढे आली तीही त्यांच्याच वेदांता समूहाची ट्विन स्टार. घेणेकऱ्यांचे मान्य दावे सुमारे 64,800 कोटींचे, बोली 2,962 कोटींची. जून 2021 मध्ये मंजुरी मिळाली, पण जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली.

वाळूजवाल्यांचंही सगळं आलबेल नव्हतं. चीनमध्ये फायबरचं उत्पादन मागणीपेक्षा वाढलं आणि जगभर भाव कोसळले. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियातून येणाऱ्या फायबरवर पाच वर्षांसाठी अँटी-डम्पिंग शुल्क बसवलं.