स्टीफन्सचे पुराण आणि अ‍ॅबट

परपंथीयाचा ग्रंथ आपण वाचतो तो बहुधा खोडून काढण्यासाठी. तोच समजून घेण्यासाठी वाचला तर काय होते, ह्याचे एक उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. तेच आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

फादर टॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, पंथाने कॅथलिक. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात अशा माणसाला थारा नव्हता. रोमला जाऊन तो जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यास उतरला. पुढे १६१९ मध्ये मरेपर्यंत त्याचे आयुष्य बहुतेक साष्टीत गेले. साष्टी म्हटले की आम्हां चेंबूरकरांना शेजारचे बेट आठवते. ही साष्टी गोव्याची, मडगाव-राशोलची. तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. नवख्रिस्ती लोकांची पुराणे सुटली होती, पुराणाची गोडी मात्र सुटली नव्हती. स्टीफन्सने ती ओळखली आणि बायबलातील कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत सांगितली. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. १६१६ साली हे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले.

रोमन पंथ बायबल लोकांच्या भाषेत येऊ देत नाही, हा प्रॉटेस्टंटांचा जुना आक्षेप. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट हे प्रॉटेस्टंटच. पण पुढे एकनाथ-तुकारामांना इंग्रजीत नेणाऱ्या ह्या गृहस्थाचा कान ओवीकडे होता. लंडनच्या प्राच्यविद्यालयातील मार्सडेन-संग्रहात क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे, हे त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केले. रोमन प्रतीतील पुष्कळ पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी तीत संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अ‍ॅबट हीच मूळ संहिता समजले. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांनी तसे मानले नाही. ते काहीही असो, ज्या इंग्लंडात स्टीफन्सला जागा नव्हती, तेथेच त्याची पोथी एका प्रॉटेस्टंटाने आदराने उघडली.

त्यासाठी अ‍ॅबटांना आपला पंथ सोडावा लागला नाही. आम्हांसही काही सोडावयाचे नाही. देवळे पाडल्याचा दोष ह्या ओव्यांनी धुतला जात नाही, आणि त्या दोषामुळे ओव्यांचे मराठीपणही उणे होत नाही. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे अवघड खरे. पण ज्याला वाचन म्हणावयाचे ते तेथूनच सुरू होते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून ह्या पुराणाची देवनागरी आवृत्ती काढली. श्रोत्यांनी ती मिळवून दोन-चार पाने मोठ्याने वाचावी. बाकीचे काम ओवीच करील.