फर्मवेअर अपडेटनंतर वायफाय ५४ एमबीपीएसवरच अडकलंय? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं आणि वायफाय मंदावलं, ही तक्रार नवीन नाही. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट जेमतेम २०-२२ दाखवते. मग कस्टमर केअरला फोन होतो, माणूस येऊन 'लाइन ओके आहे' सांगून जातो आणि शेवटी नवीन राउटरचा विषय निघतो. थांबा! खिशात हात घालण्याआधी एक आकडा बघा.

लिंक स्पीड कुठे दिसतो?

लिंक स्पीड म्हणजे तुमचं डिव्हाइस आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग. इंटरनेट प्लॅनशी त्याचा संबंध नाही. विंडोज ११ मध्ये वायफाय सेटिंग्जमधल्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफाय आयकॉनवर क्लिक करा आणि 'टीएक्स रेट' बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्कच्या नावासमोरच्या गिअरवर टॅप केलं की सापडतो. राउटरजवळ बसून, काहीतरी डाउनलोड चालू ठेवून बघा, कारण रिकाम्या वेळी हा आकडा खाली येऊ शकतो.

आकडा काय सांगतो?

- ५४ : कनेक्शन जुन्या ८०२.११जी वर आहे.
- ७२ : ८०२.११एन, २० मेगाहर्ट्झ, एक स्ट्रीम.
- १४४ : तेच, पण दोन स्ट्रीम.
- ३०० : ८०२.११एन, ४० मेगाहर्ट्झ, दोन स्ट्रीम.
- ८६६ : ८०२.११एसी, ८० मेगाहर्ट्झ, दोन स्ट्रीम.

प्रत्यक्ष वेग साधारण याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. म्हणूनच ५४ वर २०-२२ मिळतात.

५४ दिसतंय? तीन ठिकाणी बघा

अपडेटमध्ये काही सेटिंग्ज डिफॉल्टला जाऊ शकतात. पहिलं, वायरलेस मोडमध्ये 'एन' आहे ना ते बघा. दुसरं, सिक्युरिटी. ८०२.११एन च्या नियमानुसार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी एन्क्रिप्शनवर वरचे वेग वापरता येत नाहीत. राउटर एरर वगैरे काही देत नाही, गुपचूप ५४ वर येतो. तिसरं, डब्ल्यूएमएम चालू हवं. ते बंद असलं तरी हेच होतं.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी बहिणीची व्हिडिओ कॉलवर मुलाखत, आणि अपडेटनंतर लॅपटॉप ५४ वर. मोड बरोबर होता, डब्ल्यूएमएम चालू होतं, पण सिक्युरिटीत टीकेआयपी येऊन बसलं होतं. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडलं, वायफाय पुन्हा जोडलं, आकडा १४४! मुलाखत आरामात झाली. तसंही टीकेआयपी आता सुरक्षित मानलं जात नाही, त्यामुळे ते काढणंच योग्य.

आकडा बरा आहे, पण पूर्वीइतका नाही?

मग चॅनल विड्थ बघा. ५ गीगाहर्ट्झवर ८० ची २० झाली असेल, तर ८६६ चे १७३ होतात. २.४ गीगाहर्ट्झवर मात्र ४० निवडूनही २० च मिळत असेल, तर तो बिघड नाही. आजूबाजूला इतरांची नेटवर्क दिसली की राउटर मुद्दाम विड्थ कमी करतो. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर ५ गीगाहर्ट्झच वापरा. देश किंवा रीजन 'भारत' आहे ना, तेही बघा. चुकीच्या रीजनमुळे काही चॅनल गायब होतात.

लिंक स्पीड ८६६ आणि स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकलेली? मग वायफायला दोष देऊ नका. राउटरचा वॅन पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसवर चालतेय. केबलमधली एक जोडी तुटली तरी असं होतं.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दर वेळी आकडा लिहून ठेवा. काहीच जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट करा, पण आधी पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. रीसेटनंतर जुनी बॅकअप फाइल टाकू नका, नाहीतर चुकीची सेटिंगही परत येईल. सगळं हातानेच भरा.