लिनक्ससाठी माफक किमतीचा लॅपटॉप

श्रोतेहो, आजचा विषय संगणकाचा असला, तरी मूळ प्रश्न घरखर्चाचा आहे. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की लॅपटॉपची मागणी पुढे येते. आणि नव्या यंत्राची किंमत ऐकून बेताच्या मिळकतीचा गृहस्थ विचारात पडतो. मग दुकानातले सर्वांत स्वस्त नवे यंत्र घेऊन तो मोकळा होतो. तसे करणे खरोखर काटकसरीचे आहे काय?

माझीच चूक सांगतो. भाचीसाठी मी असेच एक चकचकीत, हलके यंत्र घेतले. त्याची मेमरी अवघी चार गिगाबाइट, आणि तीही मदरबोर्डाला डाख देऊन कायमची बसविलेली. दोन वर्षांतच ते रखडू लागले. मेमरी वाढवावी, तर जागा नाही. लिनक्स घातले, तर वायफाय चालेना. परीक्षेच्या तोंडावर त्या मुलीला मैत्रिणीचे यंत्र मागून आणावे लागले. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू अशी महाग पडली.

आता दुसरी बाजू पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या बाबतीत, ढोबळ मानाने, आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवरच अधिकृतपणे चालते. आणि ही पिढी आली २०१७ साली. त्यापूर्वीची कितीतरी धडधाकट यंत्रे केवळ या नियमामुळे निकामी ठरली. लिनक्सला असा नियम नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा रचण्यास आरंभ केला. आज तिची उबुंटू, मिंट, डेबियन अशी अनेक रूपे विनामूल्य मिळतात, आणि जुन्या यंत्रांवरही ती सुखाने नांदतात. म्हणून पहिला सल्ला हा, की बाजारात जाण्यापूर्वी घरचे कपाट उघडावे.

घरात यंत्र नसेल, तर वापरलेल्या यंत्रांचा बाजार पाहावा. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाचे लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा विकून टाकतात. सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड यांसारख्या ठिकाणी अशी यंत्रे मिळतात. लेनोवोचा थिंकपॅड टी-४७०, एचपीचा एलिटबुक ८४० जी-३ हे या जातीचे नमुने. दिसायला जाडजूड, परंतु पाठीचे झाकण उघडून मेमरी वाढविता येते आणि साठवणीची चकती बदलता येते.

किती असावे? लिनक्स मिंटला किमान दोन आणि सोयीसाठी चार गिगाबाइट मेमरी सांगितली आहे. पण मेमरी खातो तो ब्राउझर. म्हणून आठ असावी. जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवावी. जुने यंत्र चपळ करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आता मुख्य गोष्ट. लिनक्स यंत्रात न घालताही, केवळ पेनड्राइव्हवरून चालविता येते. घरून असा पेनड्राइव्ह तयार करून न्यावा आणि पैसे मोजण्यापूर्वी यंत्र त्यावरून सुरू करून पाहावे. वायफाय जोडले जाते का? आवाज येतो का? कॅमेरा, कळफलकातील प्रत्येक कळ, पडद्याचा उजेड कमीजास्त करणे, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्राचे जागे होणे, हे सारे तपासावे. वायफायची चिप इंटेलची असल्यास बहुधा अडचण येत नाही. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना मात्र वेगळी खटपट करावी लागते. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमताही लिनक्स दाखविते. मूळची पन्नास वॉट-तास आणि आजची वीस असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. आणखी एक: बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड असेल, तर ते यंत्र घेऊच नये.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ऑटोकॅड, टॅली यांसारखे कार्यक्रम विंडोजसाठी बनविलेले असतात; लिनक्सवर ते सरळ चालत नाहीत. मुलांच्या अभ्यासक्रमात ते आवश्यक आहेत काय, हे महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे. लेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट आणि प्रोग्रॅमिंगचे शिक्षण यांसाठी मात्र लिनक्स पुरेसे आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात मिळतो.

तेव्हा श्रोतेहो, विक्रेत्याच्या शब्दावर किंवा यंत्राच्या झिलईवर विसंबू नका. यंत्राची परीक्षा यंत्रालाच देऊ द्या. अर्ध्या तासाची ती तपासणी एखाद्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष वाचवू शकेल. आधी पेनड्राइव्ह बाहेर काढावा, आणि मग पाकीट.